हक्कसोड कोणाची?

आपल्या इंदापूर-बारामती भागात मुसलमानाच्या घरी मयत झाली की तिसऱ्या दिवशी जियारत होते, चाळीसाव्याला देग चढते, जमातीला जेवण होते. सगळे रीतसर होते. काही महिन्यांनी तलाठ्याकडे वारसनोंद लागते, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावे चढतात. मग एके दिवशी भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहतो. "आपा, जरा एक सही पाहिजे होती." दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र होते, बहिणीला एक साडी मिळते, हॉटेलात चहा-नाष्टा होतो आणि पुढच्या फेरफारात तिचे नाव निघून जाते.

या प्रकाराला आपण 'रीत' म्हणतो. मी त्याला लूट म्हणतो. आणि ही लूट पहिल्या सफेत नमाजला उभी राहणारी माणसे करतात.

हिशोब अवघड नाही. वडिलांच्या मागे आई, दोन भाऊ आणि तीन बहिणी आहेत, आणि कर्ज-वसियत फेडून आठ एकर जमीन उरली, असे धरा. सूरह निसाच्या हुकुमाप्रमाणे आईला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सात एकरांत प्रत्येक भावाला दोन आणि प्रत्येक बहिणीला एक एकर. भावाला दुप्पट का, असे कोणी विचारले की आपण लगेच सांगतो, घर चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. ठीक आहे. पण दुप्पट घेऊन त्याचे पोट भरत नाही. बहिणींचे तीन एकर आणि आईचा एक एकरही त्याला हवा असतो. हे कोणत्या आयतीत लिहिले आहे?

उहुदच्या लढाईत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांची सगळी मालमत्ता त्यांच्या भावाने ताब्यात घेतली. त्यांची विधवा पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दाद मागायला आली. वारसाचा हुकूम उतरला आणि प्रेषितांनी त्या काकाला बोलावून सांगितले: दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. त्या बाईला कोणी म्हणाले नाही की तू लोभी आहेस, घर फोडतेस. आज आपल्या घरातली मुलगी तोच प्रश्न विचारते, तर आपण तिचे माहेर बंद करतो.

१९३७ चा शरियत कायदा आला, त्यामागेही हेच दुखणे होते. रूढीच्या नावाखाली मुलींना मीरास नाकारली जात होती आणि मुस्लिम महिला संघटनांनी त्या रूढीविरुद्ध आवाज उठवला होता. तरी त्या कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळली गेली. मद्रासने १९४९ साली दुरुस्ती करून तीही आत घेतली. आपल्याकडे तलाठी मुलींची नावे वारस म्हणून लावतोच. म्हणजे आपल्या गावात बहिणीला अडवतो तो भाऊ, कायदा नव्हे.

२०१६ साली पर्सनल लॉ बोर्डाने शरियतीच्या रक्षणासाठी देशभर सह्यांची मोहीम चालवली. शरियतीत सरकारने हात घालू नये, असे म्हणताना आपला आवाज मोठा असतो. पण शरियतीसाठी सही करायची आणि शरियतीने दिलेला हिस्सा सोडायला बहिणीची सही घ्यायची, यात वाचले काय? शेजारच्या हिंदू घरांतही हक्कसोड होते, हे खरे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला, तरी भाऊबीजेची ओवाळणी टाकून तिची सही घेणारे भाऊ आहेतच. रोग एकच आहे. पण आपला हुकूम चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे, म्हणून आपली लाजही मोठी.

आता सबबी. "लग्नात खर्च केला." लग्न तुझेही झाले, त्याचा खर्च तुझ्या हिश्श्यातून कापलास का? "जमिनीचे तुकडे पडतात." दोघे भाऊ वाटणी करतात तेव्हा बांध पडतोच. तुकडा नको असेल तर बाजारभावाने किंमत दे, नाहीतर तिच्या एकरातल्या उसाचे बिल दरवर्षी तिच्या खात्यावर टाक. "ती खुशीने देते." मग आधी हिस्सा तिच्या नावावर, तिच्या ताब्यात जाऊ दे. वर्षभर पीक तिला घेऊ दे. त्यानंतर तिने दिला तर तो हिबा. जे हातात आलेच नाही, ते खुशीने देणार कसे? माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणत नाहीत.

बाप मंडळींनाही सांगायचे आहे. हयातीतच सगळी जमीन पोरांच्या नावे बक्षीसपत्राने करून ठेवणे ही चलाखी जुनी आहे. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षीदार व्हायला सांगितले. सगळ्या मुलांना असेच दिलेस का, असे त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर साक्ष द्यायला नकार दिला. ज्या कागदावर प्रेषितांनी साक्ष दिली नसती, त्यावर आपण दोन साक्षीदार कुठून आणतो?

मी उर्दूही शिकवतो, मराठीही. 'हक' हा अल्लाहच्या नावांपैकी एक शब्द आहे. तोच मराठीत 'हक्क' होऊन आला, आणि आपण त्याला 'सोड' जोडून निबंधकाच्या कचेरीत नेला. तिथे बहीण सोडते ती जमीन. हक सोडतो तो भाऊ.

म्हणून इमाम साहेबांना आणि जमातीच्या पंचांना माझी एकच मागणी आहे. चाळीसाव्याची देग चढण्याआधी मयताच्या घरी कागदावर हिस्से मांडा, आई आणि बहिणींच्या समोर मोठ्याने वाचा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या. जेवण नाही झाले तरी चालेल.