दोन तासांचे माहेर : गोंदिया ते कोल्हापूर

विदर्भातील मुलगी कोल्हापूर-सांगलीकडे दिली जाते, तिकडची सून नागपूर-गोंदियात येते. असे संबंध नवे नाहीत. नवे आहे ते बोलणी चालू असताना हमखास ऐकू येणारे वाक्य : ‘आता दोन्हीकडे विमानतळ झाले, दोन तासांचा तर प्रश्न!’ हे वाक्य तपासून घेतलेले बरे. वडिलांच्या आजारपणाचा निरोप रात्री येतो, तेव्हा माहेर किती दूर आहे हे नकाशावरील रेषेवरून ठरत नाही.

गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. कोल्हापूरच्या उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे ८३० किलोमीटर भरते. महाराष्ट्र एक्सप्रेस हीच दोन टोके जोडते. पण नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज असा वळसा घेत तिला १३०० किलोमीटरहून अधिक धावावे लागते आणि एक अहोरात्र पुरत नाही.

लहान विमानतळांवर येणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ८३० किलोमीटरला पावणेदोन ते दोन तास लागावेत. म्हणजे ते वाक्य गणिताने खरे आहे. अडचण एवढीच, की या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही.

हैदराबादमार्गे जाता येते. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. गोंदिया-हैदराबाद-कोल्हापूर हे हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर होते. सरळ रेषेपेक्षा जेमतेम १३० अधिक. परंतु हैदराबादला पुढचे विमान केव्हा मिळते, यावर सारा दिवस अवलंबून राहतो. दुसरी वाट नागपूरची. दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रासची टपाल-विमाने १९४९ पासून मध्यरात्री जिथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करीत, ते हे नागपूर; वाटा जुळवणे या शहराला नवे नाही. मे २०२५ मध्ये स्टार एअरने नागपूर-कोल्हापूर सेवा सुरू केली. सुमारे ७०० किलोमीटर, जेमतेम दीड तास. त्यात गोंदियाहून सोनेगावला येण्याचे तीन-साडेतीन तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास, आणि उतरल्यावर सामान घेऊन घर गाठण्याचा वेळ मिळवला, की दोन तासांचे आठ होतात. रेल्वेपेक्षा ते कितीतरी बरे, यात शंका नाही. मात्र विमान त्या दिवशी असले पाहिजे.

खरी मेख तिथेच आहे. गोंदियातून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगची सेवा मोठ्या थाटात सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. ‘उडान’ योजनेतील मार्गांना तूट भरून देणारे साहाय्य साधारण तीन वर्षांपुरते असते. त्यानंतर प्रवासी पुरेसे नसतील तर मार्ग टिकणे कठीण. सोयरीक तीन वर्षांची नसते.

शिवाय विमानांची वेळापत्रके मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात. एप्रिल-मेमधील लग्नाला यायचे असेल, तर फेब्रुवारीतील वेळा गृहीत धरून बेत आखू नये. आणि आजारी माणसाकडे निघालेल्याने महाराष्ट्र एक्सप्रेसचे आरक्षणही हाती ठेवावे. ती गाडी रोज आहे.