रामसे बंधूंच्या खटल्याची फेरसुनावणी

काही नावे अशी असतात की ती उच्चारताच सभ्य घरांतील संभाषण थांबते. रामसे बंधू हे त्यांपैकी एक. जळगाव, भुसावळ, धुळे येथील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्यांच्या भयपटांविषयीचा निकाल केव्हाच लागून गेला आहे: अश्लील, ओंगळ, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे. हा निकाल देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचा एखादा चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला आहे, असे विचारले तर उत्तर बहुधा मौनच मिळते. ऐकीव पुराव्यावर दिलेल्या निकालाला आम्ही न्याय म्हणत नाही. तुलसी रामसे २०१८ साली आणि श्याम रामसे २०१९ साली निवर्तले. आता ते आपली बाजू मांडावयास येणार नाहीत. म्हणूनच या खटल्याची फेरसुनावणी व्हावी, अशी आमची मागणी आहे.

प्रथम ही माणसे कोण होती ते पाहू. फतेहचंद रामसे हे कराचीचे सिंधी व्यापारी. तेथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीमुळे ते मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडच्या परिसरात त्यांनी पुन्हा दुकान थाटले आणि पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे मुलांच्या ध्यानी आले. त्यातून १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' निघाला. कुमार पटकथा लिहीत, गंगू छायाचित्रण करीत, किरण ध्वनी सांभाळीत, अर्जुन संकलन करीत, केशू निर्मितीची व्यवस्था पाहत, तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत. घरातील स्त्रिया सगळ्यांचा स्वयंपाक करीत. सात भावांनी एका चुलीवर जेवून उभा केलेला हा उद्योग होता. कौटुंबिक एकोप्याचे गुणगान करणाऱ्या आपल्या समाजाने निदान एवढ्याची तरी नोंद घ्यावयास हवी होती.

पहिला आरोप ओबडधोबडपणाचा. तो खरा आहे. मुखवटे बेंगरूळ, संवाद ढोबळ, विनोद पोरकट. परंतु हे चित्रपट कोणासाठी काढले गेले, तेही पाहावे. मोठ्या शहरांतील आलिशान चित्रगृहांपेक्षा लहान गावांतील टाकळ्या आणि यात्रेतील तंबूंतले पडदे हेच त्यांचे खरे घर होते. दिवसभर कापसाच्या वा केळीच्या मळ्यात राबलेला मजूर ज्या बाकावर बसून 'पुराना मंदिर' पाहत असे, तो बाक आपल्या सुशिक्षितांना हलका वाटला. मग त्या बाकासमोरचा पडदाही हलका ठरला. खान्देशातील कितीतरी गावांत ढासळलेली गढी असते आणि तिच्याविषयी दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीही असतात. रामसेंचा वाडा त्या प्रेक्षकाला परका वाटला नाही, याचे नवल नको.

दुसरा आरोप अश्लीलतेचा. येथे आम्ही रामसेंची वकिली करणार नाही. स्नानाची दृश्ये, भयभीत स्त्रीच्या देहावर रेंगाळणारा कॅमेरा, हे सारे गल्ल्यासाठी होते आणि ते निंद्यच आहे. हे चित्रपट मुलांना दाखवावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तथापि हाच दोष त्या काळातील अनेक प्रतिष्ठित हिंदी चित्रपटांत होता आणि ते आपण सहकुटुंब पाहिले. बड्या नटाला क्षमा आणि अनोळखी नटाला शिक्षा, हा कोणता नीतिनियम?

तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत, एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याची, प्रसंगी जीव घेण्याची प्रथा आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यामागे अशाच अघोरी प्रकारांची पार्श्वभूमी होती. अशा प्रदेशात चेटकिणीचा चित्रपट म्हणजे आगीत तेल, असे कोणी म्हणेल तर आम्ही ते हसण्यावारी नेणार नाही. १९८८ सालचा 'वीराना' या कसोटीवर टिकत नाही. त्यातील दुष्ट शक्तीला तरुण स्त्रीचा देह दिला आहे. पण एका चित्रपटावरून साऱ्यांचा निकाल लावता येत नाही. डाकिणीचा आळ नेहमी दुबळीवर येतो, एकट्या विधवेवर येतो. रामसेंच्या कथांत भूत बहुधा कोणाच्या दारी येते? ज्याने लुबाडले, ज्याने मारले, ज्याने लपविले त्याच्या. भीतीची ही दिशा पाड्यावरील भीतीच्या नेमकी उलट आहे.

'होटल' या १९८१ सालच्या चित्रपटाचेच उदाहरण घ्या. पैशाला चटावलेली माणसे ख्रिस्ती दफनभूमीची जागा फसवणुकीने बळकावतात आणि थडगी उखडून तीवर हॉटेल उभारतात. मग मृत उठतात. कथा भाबडी आहे, पण तिच्यातील पाप भाबडे नाही. दफनभूमीसाठी पुरेशी जागा मिळविणे आणि असलेली राखणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला या कथेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागू नये. ज्या शहाद्यात सत्तरच्या दशकात आदिवासी आपल्या गेलेल्या जमिनींसाठी श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली उभे राहिले, त्या मुलखालाही तो कळावा.

उलटपक्षी, १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'शी आपण वाद घालावा, असे आम्हांस वाटते. त्यात राजाने शिरच्छेद केलेल्या सामरीचा शाप पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्या घराण्यातील स्त्रिया प्रसूतीत मरतात आणि बाप मुलीपासून हे सत्य दडवितो. संत योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य हाच प्रश्न विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू तो हिशेबच नाकारतो. तसेच या चित्रपटांत त्रिशूळ, ओम्, क्रूस ही चिन्हे सैतानाला शस्त्रासारखी रोखतात. आपल्या श्रद्धेत क्रूस हे मंतरलेले हत्यार नव्हे. पण गळ्यात क्रूस घालून परीक्षेला वा प्रवासाला निघणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या मनात तो ताईतच असतो! ही चर्चा प्रवचनातून जितकी रंगणार नाही, तितकी एका रामसेपटानंतर रंगेल.

ख्रिस्तसभेने चित्रपटाकडे पाठ फिरविलेली नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांवर स्वतंत्र परिपत्रक काढले. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत कलेच्या विभागात मुर्नाउ यांचा १९२२ सालचा 'नोस्फेरातू' हा भयपट आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो परवानगीविना बेतला गेला म्हणून स्टोकर यांच्या पत्नी न्यायालयात गेल्या आणि त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज पाहता येतो. रामसेंचा १९९० सालचा 'बंद दरवाजा' त्याच ड्रॅक्युलाच्या कुळातला. त्याला मुर्नाउच्या पंक्तीस बसवावे, असे आम्ही म्हणत नाही. नष्ट करावयास निघालेली कलाकृतीही पुढे आदरास पात्र ठरते, एवढेच या इतिहासातून घ्यावे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नाही. २०२४ साली पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमावून गेला. जुना वाडा, दडलेले धन, लोभाची शिक्षा ही त्याची सामग्री रामसेंना परकी नव्हती. त्याची वाहवा करणाऱ्या घरांनी रामसेंच्या नावाने नाक मुरडावे, हे विसंगत आहे.

म्हणून आमची विनंती साधी आहे. धर्मग्रामातील प्रौढांनी व तरुणांनी एका संध्याकाळी 'होटल' एकत्र बसून पाहावा, धर्मगुरूंनाही बोलवावे आणि नंतर तासभर मनमोकळे बोलावे. त्यानंतरही कोणी हे चित्रपट टाकाऊच आहेत असे म्हणाले, तर त्या मताचा आम्ही आदर करू. ते निदान पाहून बनविलेले मत असेल.