टाके निघाले, पुढे काय?
वडगाव रासाईच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रेलर आणि दुचाकी एकाच रस्त्यावर येतात. अपघातात कमरेचा कटिबंध (पेल्व्हिस) मोडून अस्थिर झाला, तर पुण्यात प्लेट-स्क्रू बसतात; महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा खर्च अनेकांना पेलतोही. खरी परीक्षा घरी आल्यावर. बहुधा 6 ते 12 आठवडे मोडलेल्या बाजूच्या पायावर भार द्यायचा नाही. चाल सुधारायला वर्षही लागते. उकिडवे बसणे जमत नाही, म्हणजे खुरपणी गेली आणि शौचालयाला कमोडची खुर्ची हवी. लघवीच्या, लैंगिक तक्रारी संकोचापोटी कोणी सांगत नाही; डॉक्टरांनी आपणहून विचारायलाच हवे. व्यायामासाठी वारंवार पुणे गाठणे मजुराला परवडणारे नाही. जवळच्या शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीची नियमित सोय तातडीने हवी, वॉकरसुद्धा तिथेच मिळावा.