भाडं नंतर, आडनाव आधी!



नव्या नोकरीसाठी शाहूपुरीत खोली बघायला गेलात, तर भाडं नंतर सांगतात. आधी "आडनाव काय?" मग "नॉनव्हेज खाता का?" तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मिरवणाऱ्या कोल्हापुरात हा प्रश्न ताटाचा नाही, जातीचा आहे.

"शिकलं की जात जाते" म्हणणाऱ्यांनी 1917 चं बडोदा आठवावं. न्यूयॉर्क-लंडनमध्ये शिकून बाबासाहेब तिथं नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्यांनी बाहेर काढलं. कोलंबियाचं शिक्षण कमी पडलं होतं का?

अमेरिका आणि ब्रिटनने 1968 साली घर देताना वंशभेद करणं बेकायदा ठरवलं. आपल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, पाणवठे आहेत. भाड्याच्या खासगी घराचा उल्लेख नाही. ही पळवाट बुजवणारा स्पष्ट कायदा हवा.

तोवर पोटासाठी आडनाव लपवणाऱ्या भावाबहिणींना दोष देऊ नका. लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे. शाहूंचं नाव पेठेला देऊन शाहूंचा विचार उंबऱ्याबाहेर ठेवता येणार नाही!