स्लायडरचे शोकगीत

आमच्या महाविद्यालयाच्या मागील स्नेहसंमेलनात काही विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवलेला म्युझिक कंट्रोलर रंगमंचावर आणला. आदल्या वर्षी त्या पेटीवर आठ स्लायडर होते. या वेळी त्यांच्या जागी आठ रोटरी एन्कोडर, म्हणजे टिकटिक करीत कितीही फिरणारी बटणे होती. समारोपाच्या भाषणात एका ज्येष्ठ समीक्षकांनी नेमका हाच बदल हेरला. स्लायडरमध्ये मींडेची सलगता होती, एन्कोडरने हाताच्या गतीचेच तुकडे केले, आणि हीच आजच्या साहित्याचीही शोकांतिका आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

दुसऱ्या दिवशी त्या गटातील एक विद्यार्थिनी ती पेटी घेऊन विभागात आली. "सर, एकदा उघडून तर बघा," एवढेच ती म्हणाली. प्रस्तुत लेख हा त्या उघडण्याचा परिणाम आहे.

कंट्रोलर स्वतः सूर काढीत नाही. तो संगणकाला आकडे पाठवतो आणि आवाज संगणकात घडतो. स्लायडरच्या आत कार्बनचा एक पट्टा असतो. त्यावरून धातूची एक जीभ सरकते आणि तिच्या स्थानाप्रमाणे विजेचा दाब शून्य ते पाच व्होल्टच्या दरम्यान बदलतो. इथपर्यंत सलगता खरी आहे. पण ती तार लगेच आर्डुइनोच्या छोट्या फळीत शिरते, आणि तेथे त्या दाबाचे ० ते १०२३ असे १०२४ टप्पे पाडले जातात. पुढे मिडी या संकेतप्रणालीच्या नेहमीच्या संदेशात त्यांतले केवळ १२८ उरतात. साठ मिलिमीटर लांबीच्या स्लायडरवर त्यातला एक टप्पा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा होतो. म्हणजे ज्या सलगतेसाठी आपण गहिवरलो, ती पेटीच्या आतच, वीतभर तारेच्या अंतरावर संपलेली होती. स्लायडर असतानाही संगणकाला पोचत होते ते तुकडेच.

मग विद्यार्थ्यांनी स्लायडर काढले का? पट्ट्यावर धूळ बसली की जीभ अडखळते आणि आकडे उड्या मारतात. कोणी हात लावलेला नसतानाही एखादा आकडा ६३ आणि ६४ यांच्यात थरथरत राहतो, कारण विजेचा दाब कधीच पूर्ण स्थिर नसतो. याहून मोठी अडचण निराळीच. एका गाण्यानंतर दुसऱ्या गाण्याची मांडणी संगणकात उघडली की तेथील आवाजाची पातळी बदलते, पण स्लायडर जुन्याच जागी उभा असतो. त्याला जरासे हलवले की आवाज एकदम त्याच्या जुन्या स्थानावर उडी घेतो. हाताला दिसते एक आणि यंत्रात असते दुसरे. यावर मोटर लावलेले स्लायडर मिळतात, पण ते विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे नाहीत. एन्कोडर मात्र 'मी कोठे आहे' हे सांगतच नाही. 'किती आणि कोणत्या बाजूला फिरलो' एवढेच सांगतो. त्यातील दोन संपर्कांपैकी आधी कोणता जुळला यावरून दिशा कळते. मूळ आकडा संगणकापाशीच राहतो आणि उडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

विरोधी पक्षाच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. स्लायडरची ओळ पाहताक्षणी आठही पातळ्या कळतात. चार बोटांनी चार स्लायडर एकाच वेळी सरकवता येतात. एन्कोडरचे तसे होत नाही. एका फेरीत वीस टिचक्या देणाऱ्या साध्या एन्कोडरने १२८ टप्पे ओलांडायचे तर सहाहून अधिक फेऱ्या लागतात. वेगाने फिरवल्यास मोठी पावले टाकण्याची युक्ती प्रोग्राममध्ये लिहिली तरच हा त्रास टळतो. शिवाय आवाजाचा पोत हळूहळू बदलताना १२८ पायऱ्या कधी कधी कानाला खरोखर जाणवतात. मात्र हा दोष १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडीच्या मोजपट्टीचा आहे. १६,३८४ टप्प्यांची सोय त्याच संकेतात सुरुवातीपासून होती, आणि २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये टप्पे याहून कितीतरी बारीक झाले आहेत. ज्यांना सलगतेची खरी चाड आहे, त्यांनी मोजपट्टी किती बारीक हे विचारावे. वक्त्यांनी ते विचारले नाही, आणि आम्हीही नाही.

येथे पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा इतिहास आठवणे अगत्याचे आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. पेटीचे सूर ठरलेले, त्यांच्या मधल्या जागा तिला गाता येत नाहीत, मींड निघत नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्याच ठरलेल्या सुरांतून काय उभे केले, हे मराठी रसिकाला सांगायला नको. बंदी चुकीची होती असे आम्ही मानतो, पण ती घालणाऱ्यांच्या बाजूने एवढे तर म्हणता येते की त्यांचा आक्षेप ऐकण्यातून आला होता. आमच्या सभागृहात कोणी काही ऐकले नव्हते. एक शब्द कानावर आला, 'डिजिटल', आणि पुढचे सारे रूपकाने आपोआप घडवले.

आता कळीचा मुद्दा. तुकड्यांविषयी तक्रार कोण करीत आहे? आम्ही! वर्षानुवर्षे वर्गात वृत्ते शिकवणारे! लघू आणि गुरू या दोनच खुणा, त्या तीन स्थानी मांडल्या की आठ गण होतात, न एक कमी, न एक जास्त. हेच गणित सात स्थानांपर्यंत नेले की १२८ येतात. मिडीचे टप्पे १२८ आहेत ते याच हिशेबाने. यमाताराजभानसलगा घोकून घेताना आम्हाला कधी वाटले नाही की आपण अनुभवाचे तुकडे पाडीत आहोत. दोन खुणांमधून मंदाक्रांतेची संथ चाल उभी राहते, हे आम्ही कौतुकाने सांगतो. मग विद्यार्थ्यांच्या टिचक्यांतून सूर उभा राहिला, तर तेथे संस्कृतीचा अंत कसा दिसतो?

'ॲनालॉग' म्हणजे मानवी आणि 'डिजिटल' म्हणजे निर्जीव, ही जोडी समीक्षेत फार स्वस्तात चलनात आली आहे. तिची किंमत मात्र दुसऱ्यांना मोजावी लागते. त्याच विद्यार्थिनीने विभागाच्या भित्तिपत्रकासाठी या कंट्रोलरवर लेख लिहिला होता. स्लायडर का काढले, एन्कोडरने काय कमावले आणि काय गमावले, हे तिने नेटक्या मराठीत मांडले होते. 'विषय वाङ्मयीन नाही' असा शेरा मारून तो परत करणारे आम्हीच होतो. त्याच सप्ताहात सलगतेच्या शोकांतिकेवर टाळ्या वाजवणारेही आम्हीच. ज्या लेखात वस्तू नीट पाहिलेली होती तो अवाङ्मयीन, आणि ज्या भाषणात ती पाहिलेलीच नव्हती ते वाङ्मयीन, असा हा न्याय झाला.

तो लेख आम्ही तिच्याकडून पुन्हा मागून घेतला आहे. शेरा खोडला आहे. पुढील भित्तिपत्रकात तो पहिल्या जागी लागेल, एकही शब्द न बदलता.