पंचवीस हजारांचा डबा

मैत्रिणींनो, आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. पण पैसे घरातलेच जाणार होते, म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या आधी आमच्या धाकट्याने हट्ट धरला, हेडफोनसाठी डॅक हवा. किंमत २५ हजार. डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. मोबाइलमध्ये गाणं साठवलेलं असतं ते आकड्यांत, आणि हेडफोनला लागते कमीजास्त होणारी वीज. आकड्यांची वीज करून देतो तो डॅक. मी विचारलं, मग आजवर आपण गाणी कशी ऐकली? तर हेडफोनची गोल पिन लागते त्या प्रत्येक मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तो असतोच. ब्लूटूथ हेडफोनच्या तर पोटातच असतो, त्यामुळे ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांनी बाहेरून डॅक घेऊन काहीच होत नाही. हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "एक चालतोय ना? मग दुसरा म्हणजे परिग्रहच." त्यावर हा म्हणाला, "आजी, तुला फरक कळायचा नाही." त्याचं ते बोलणं मला लागलं. म्हटलं, कोणाला काय कळतं ते बघूच.

त्याच्या मित्राकडून तोच डबा दोन दिवसांसाठी आणला. समोर ठेवला आमचा टाइप-सीचा बोटभर डॅक, हजार रुपयांच्या आतबाहेरचा. पहिल्यांदा सगळ्यांनाच महागडा छान वाटला, मलासुद्धा. मग आमच्या ह्यांनी शंका काढली की तो जरा मोठ्याने वाजतोय. खरंच होतं. एकच गाणं किंचित मोठं लावलं की आपल्याला ते 'जास्त चांगलं' वाटतं, मोठं वाटत नाही. दुकानात नेमकी हीच गंमत होते. ह्यांनी १०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून मल्टीमीटरने दोन्हींचे व्होल्ट सारखे केले. मग मुलाची पाठ आमच्याकडे, मी वायरी बदलायच्या, त्याने ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाचसहा आलेच असते. सासूबाईंचेही सहाच. (त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा दोनदा घेतला.)

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरी हेडफोनवर ऐकायला महागडा डॅक नको. डब्यावर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि त्यात २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज पूर्ण मावतात. माणसाचा कान त्याच्यावर जात नाही, आणि चाळिशीनंतर तर तिथवरही पोचत नाही. आकडे वाढले म्हणून कान वाढत नाहीत.

वेगळा डॅक घ्यावा असे प्रसंग मात्र आहेत. मोबाइलला गोल पिनेची जागाच नसेल तर छोटा घ्यावाच लागतो. तेव्हा आत डॅक आहे ना हे विचारून घ्या. काही स्वस्त ॲडॉप्टरमध्ये नुसती वायर असते आणि ती ठरावीक फोनवरच चालते. लॅपटॉपला हेडफोन लावल्यावर गुणगुण ऐकू येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. गेली, तर दोष चार्जरकडून येणाऱ्या विजेचा. बॅटरीवर ऐका, काम फुकटात झालं. चार्जर काढूनही खरखर राहिली तर ती लॅपटॉपच्या आतली, तिथे बाहेरचा डॅक उपयोगी पडतो.

एका बाबतीत मात्र मीच तोंडघशी पडले. ह्यांचा जुना हेडफोन ३०० ओहमचा आहे. सेनहायझरचा एचडी ६०० असतो तसा. तो बोटभर डॅकला लावला तर आवाज पूर्ण वाढवूनही तबला लांबून आल्यासारखा. अशा हेडफोनला जोर लागतो, म्हणजे ॲम्प्लिफायर. तो सोबत असलेला साधा डॅक चारपाच हजारांत येतो, तो आम्ही घेतला. पण पैसे जोरासाठी मोजले, डब्यावरच्या आकड्यांसाठी नाही.

आवाजातला मोठा फरक हेडफोन पाडतो. बसतो कसा, कानाभोवतीची गादी फाटलीय का, यावरसुद्धा खालचे सूर येतात-जातात. आणि जोर हाती आला म्हणून वाढवत बसू नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात.

मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी हेडफोनच्या नव्या गाद्या मागवून घेतल्या त्याने, स्वतःच्या पैशांनी. बोटभर डॅक आता सासूबाईंच्या उशाशी असतो, आणि तो हवा असला की त्याला विचारावं लागतं, "आजी, घेऊ का?"