सरहद्दीपर्यंतची दया

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घोड्यांची कत्तल कायद्यानें बंद करावी कीं नाहीं, हा वाद पाव शतकाहून अधिक काळ चालला आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहीं म्हणतील कीं, ज्या देशांत रोज हजारों गुरें कापलीं जातात तेथें घोड्यापुरताच कळवळा येणें म्हणजे निव्वळ ढोंग होय; त्या भानगडींत आपण कशाला पडावें? आम्हांस तसें वाटत नाहीं. बंदी घालूनहि दया कशी हुकते, याचें इतकें ठळक उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. आणि कायदा केला कीं कर्तव्य संपलें असें मानण्याची खोड आमच्याहि समाजास आहेच.

प्रथम हकीकत पाहूं. अमेरिकन मनुष्य घोडा खात नाहीं. तरी २००६ सालीं त्या देशांत एक लाखाहून अधिक घोडे कापले गेले, ते यूरोप व जपान येथील गिऱ्हाइकांसाठीं. टेक्सासांत दोन व इलिनॉयमध्यें एक, असे परकीय मालकीचे तीन कारखाने हें काम करीत. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनंड हा घोडा पुढें जपानांत विकला गेला व तेथेंच कत्तलीस गेला, हें २००३ सालीं उघडकीस आलें, तेव्हां लोकमत खवळलें. २००६ च्या सप्टेंबरांत प्रतिनिधिसभेनें बंदीचें विधेयक २६३ विरुद्ध १४६ मतांनीं मंजूर केलें. सिनेटनें मात्र तें तसेंच पडूं दिलें. तत्पूर्वींच काँग्रेसनें एक आडवाट काढली होती : कत्तलीपूर्वीं घोडे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांचा खर्चच मंजूर करावयाचा नाहीं. त्यांतच टेक्सासचा १९४९ चा जुना कायदा न्यायालयानें ग्राह्य धरला, इलिनॉयनें नवा केला, आणि २००७ सालीं तिन्ही कारखान्यांस टाळें लागलें.

विजयाचे नगारे वाजले. पण घोडे वांचले काय? काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीनें २०११ सालीं याचें उत्तर दिलें. २००६ ते २०१० या चार वर्षांत कत्तलीसाठीं कॅनडाकडे जाणारे घोडे सुमारें अडीचपट झाले आणि मेक्सिकोकडे जाणारे सातपटीहून अधिक. २०१० सालीं सुमारें १,३८,००० घोडे अशा रीतीनें सरहद्दीपार गेले. म्हणजे बंदीपूर्वीं जितके मरत तितकेच मरत राहिले, फक्त दूर जाऊन. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें कत्तलीच्या घोड्यास अन्न, पाणी व विसांवा यांवांचून २८ तासांपर्यंत गाडींत ठेवतां येतें. आणि सरहद्द ओलांडली कीं तेवढ्याहि नियमाचा अंमल सरतो. सुरा तोच राहिला. तो आपल्या अंगणांत दिसेनासा झाला इतकेंच.

या आंकड्यांचा आधार घेऊन बंदीचे विरोधक म्हणतात, “पाहा, कत्तल ही एक गरज आहे. नकोशा घोड्यांचें दुसरें काय करावयाचें?” हा युक्तिवाद आम्हांस अत्यंत लबाडीचा वाटतो. घोडा जन्मतः नकोसा नसतो. शर्यतीच्या व जातिवंत पैदाशीच्या हव्यासानें गरजेहून अधिक शिंगरें जन्मास घालणारा मनुष्य त्यास नकोसा करतो. शिवाय घडलेलें पाहा. औषधांचा पत्ता लागत नाहीं म्हणून यूरोपीय संघानें २०१५ सालीं मेक्सिकोच्या अश्वमांसास दार बंद केलें. त्यानंतरच्या वर्षांत सरहद्दीपार जाणाऱ्या अमेरिकन घोड्यांची संख्या घटत घटत लाखाच्या पुष्कळ खालीं आली. गिऱ्हाईक आटलें तसे हे ‘नकोसे’ घोडेहि कमी झाले! ज्यास अपरिहार्य गरज म्हणून मिरविलें जात होतें, तो बव्हंशीं बाजारभावाचा खेळ होता.

गाय चालते तर घोडा कां नको, हा प्रश्न मात्र अधिक प्रामाणिक आहे. त्यास आमचें उत्तर असें. अमेरिकेंत घोडा ताटासाठीं पाळीत नाहींत. त्यास आयुष्यभर दिलें जाणारें फेनिलब्युटाझोनसारखें वेदनाशामक औषध माणसाच्या अन्नांत येणाऱ्या जनावरास वर्ज्य आहे. ज्या पशूकडून सेवा व सोबत घेतली त्यास अखेरीस वजनावर विकणें हा विश्वासघात आहे. हा विश्वासघात त्या राष्ट्रास अन्यत्र समजतो; २०१८ सालीं त्यानें कुत्र्यामांजरांची खाण्यासाठीं होणारी कत्तल कायद्यानें बंद केली. मग घोड्यापाशींच न्यायबुद्धि कां लंगडावी?

तेव्हां आम्ही बंदीच्या बाजूचे आहोंत. परंतु अर्ध्या बंदीच्या नव्हे. २०११ सालीं निरीक्षकांचा खर्च पुन्हां मंजूर झाला, २०१४ सालीं पुन्हां तोडला गेला. निर्यातीसह संपूर्ण बंदीचीं विधेयकें वारंवार आलीं. २०२४ अखेरपर्यंत त्यांतील एकहि कायद्याच्या पुस्तकांत चढलें नाहीं. दरसालच्या अंदाजपत्रकावर लोंबकळणारी दया ही दया नव्हे. निर्यात बंद झालीच पाहिजे; आणि त्याचबरोबर जो शिंगरूं जन्मास घालतो त्याजवरच त्याच्या म्हातारपणाचा भार पडला पाहिजे. पोसणें अशक्य झालें तर पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देण्याचा खर्चहि पैदासकारानेंच सोसावा. ज्यांस हा भार जड वाटेल ते कमी पैदास करतील, आणि तेंच इष्ट आहे.

मुंबईंत २०१५ सालीं उच्च न्यायालयानें व्हिक्टोरियांची हौशी सफर बेकायदेशीर ठरविली, तेव्हां गाडीवानांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासहि सरकारास बजावलें. योजना कितपत पार पडते हा प्रश्न निराळा, परंतु “उद्यां हा घोडा कोठें जाईल?” हें विचारल्यावांचून बंदीचा निर्णय पुरा होत नाहीं, हें तत्त्व त्यांत आहे. वॉशिंग्टनच्या कायदेपंडितांनीं हाच प्रश्न टाळला. तो टाळून केलेली बंदी घालणाऱ्याच्या मनास शांति देते. घोड्यास मात्र ती केवळ लांबचा प्रवास देते.